अंगाबरहुकूम : पुरुषांच्या शिवणकामाचा नव्याने विचार (प्रस्तावना)

दुकानात चाळीस नंबरचा शर्ट मागणारे दहा पुरुष ओळीने उभे केले, तर छातीच्या मापाखेरीज त्यांच्यात सारखे असे फारसे काही सापडणार नाही. कुणाचे खांदे उतरते, कुणाचे चौकोनी. एकाला पोक, दुसऱ्याची छाती पुढे आणि पाठ पोकळ. कुणाचे पोट छातीच्या दोन इंच पुढे, तर कुणाला पट्टा आवळूनही पँट सावरावी लागते. दहा जणांना शर्ट मात्र एकाच बेताचा मिळतो. तो नीट बसला नाही की माणूस दोष स्वतःच्या अंगाला देतो : पोट सुटले, खांदे पडले, आपल्याला काही शोभतच नाही. या पुस्तकाचे म्हणणे याच्या उलट आहे. अंग आहे तसे आहे. त्याला धरून कापड बेतणे हे शिंप्याचे काम आहे, आणि पुरुषांच्या कपड्यांत ते काम गेल्या दोन पिढ्यांत आपण जवळजवळ सोडून दिले आहे.

आकडा आणि अंग यांतला फरक डॉक्टरांनी फार स्पष्टपणे दाखवला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचाच फोटो छापला. उंची-वजनाच्या हिशेबाने, म्हणजे बीएमआयने, दोघे अगदी सारखे : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि साठा पोटाभोवती, हा आपल्याकडचा बांधा त्या एका फोटोत दिसतो. मधुमेहाच्या अभ्यासकांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीने लावला. शिंप्याच्या टेबलावर त्याचा अर्थ असा, की आकडे जुळले म्हणून दोन अंगे जुळत नाहीत. दुसऱ्याच बांध्यावर बेतलेला नंबर आपल्या अंगावर आला की तो दंडाला ढगळ आणि पोटाला तंग होतो.

हे पुस्तक बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत उभे राहिले, यालाही कारण आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्ये झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. नकाशावर रेघा पडल्या तरी माणसांचे जाणे-येणे थांबले नाही. एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि कारागिराशी दखनीत बोलणारा कटिंग मास्टर भालकीत किंवा आळंदला आजही भेटतो. त्याच्या भाषा जशा तीन, तशाच बेतण्याच्या परंपराही तीन. त्या तिन्ही एकाच टेबलावर दिसतात अशी ठिकाणे फार नाहीत, आणि म्हणून इथून सुरुवात करणे मला योग्य वाटते.

या मुलखात सुईला मान आहे. बाराव्या शतकातल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांच्या अनुयायी शरणांच्या मेळ्यात सूजिकायकद रामितंदे नावाचे वचनकार होते. सुईचे काम हेच त्यांचे कायक, म्हणजे उपासना मानलेले कष्टाचे काम. संत नामदेव शिंपी. त्यांच्या पदांत गज आणि कातर, सुई आणि दोरा येतात. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्यातही एका मराठी शिंप्याचे शब्द पूजनीय आहेत. नामदेव शिंपी, भावसार आणि मुसलमान दर्जी यांनी इथले शिवणकाम पिढ्यान् पिढ्या सांभाळले, एकमेकांकडून शिकत.

त्या तीन परंपरांतली पहिली पन्ह्याची. मागावरून उतरलेल्या कापडाचा पन्हा जेवढा, तेवढ्यात बंडी, अंगरखा, पैरण बसवायची आणि चिंधीही वाया जाऊ द्यायची नाही. धोतर-उपरण्याला तर कातरच लागत नाही. कॅनडातल्या रॉयल ओंटारिओ म्युझियमच्या डोरोथी बर्नहॅम यांनी १९७३ साली ‘कट माय कोट’ या छोट्याशा पुस्तकात दाखवले, की कितीतरी देशांतल्या जुन्या कपड्यांचा बेत मागाच्या रुंदीने ठरवलेला आहे. आपल्या पैरणीला हे पुरेपूर लागू पडते. समोरून खांद्यावरून पाठीकडे सलग गेलेला एक पट्टा, दोन्ही बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या, सरळ बाह्या, आणि बाही अंगाला मिळते तिथे, काखेत, चौकोनी बगल. गळा सोडला तर कुठेही गोलाई नाही.

त्या बगलेपाशी थोडे थांबायला हवे. ती म्हणजे चार बोटांचा एक चौकोनी तुकडा. पण तो बाही आणि कळी यांच्या मध्ये कोनावर बसतो, त्यामुळे हात वर गेला की ओढ त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे उरेब पडते. उरेब कापड ताणले जाते. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर ते तसे ताणले जात नाही. हात खाली आला की तोच तुकडा काखेत घडी होऊन निमूट बसतो. म्हणून पैरण घातलेला शेतकरी कडब्याची पेंढी माळवदावर फेकतो तेव्हा पैरण जागेवर राहते. त्याच माणसाच्या अंगात आजचा शर्ट घातला तर तो हात वर करताच शर्ट पँटमधून बाहेर येतो. आपल्याकडे बहुतेक शिंप्यांचा समज असा, की मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, खोल केला म्हणजे हात मोकळा होतो. होते नेमके उलटे. मुंढा जितका खाली उतरवाल तितकी बाही कमरेजवळ जोडली जाते, आणि हात उचलताना सगळा शर्ट बरोबर उचलला जातो. मुंढा काखेला लागून, उंच ठेवला आणि बाहीचा माथा बुटका करून तिला रुंदी दिली, तर हात खरोखर मोकळा होतो. जुन्या बगलेने हे काम कसलेही सूत्र न मांडता केले होते. या पुस्तकातला पहिला प्रयोग तिथूनच निघाला : आजच्या शर्टाला लहानशी बगल परत देण्याचा.

दुसरी परंपरा शेरवानीची. हैदराबाद संस्थानात शेरवानी दरबारापुरती राहिली नव्हती. तहसीलदार, वकील, शिक्षक, उस्मानिया विद्यापीठात शिकायला गेलेली मुले, हिंदू आणि मुसलमान, सारेच ती घालत. पैरणीला कळ्यांचा आधार असतो, अंग कसेही असले तरी ती सांभाळून घेते. शेरवानी तसे करत नाही. बंद गळ्यापासून खाली गुंड्यांची एकच ओळ. पुढचा तोल अर्धा इंच चुकला तरी ती ओळ वाकडी दिसते आणि खालचे पल्ले एकमेकांवर चढतात किंवा फाकतात. इथे शिंप्याला अंगाची ठेवण ओळखावीच लागते. ताठ माणसाला पुढची लांबी जास्त लागते, पोक असलेल्याला पाठीची. एका खांद्याला उतार असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या बेताव्या लागतात. १९४८ नंतर शेरवानी कचेऱ्यांतून हळूहळू गेली, पांढरी टोपी आणि नेहरू शर्ट आले, आणि ती लग्नापुरती उरली. आता तर तीही भाड्याने मिळते, मागून चिमटे लावून अंगाला लावतात. शेरवानीबरोबर तोल पाहण्याची सवय गेली, हे नुकसान मला फार मोठे वाटते. कापड, काजे, कलाबूत यांचे कौतुक होते. पुढची लांबी आणि मागची लांबी वेगळी असते हे सांगणारे फारच थोडे उरले आहेत.

तिसरी परंपरा इंग्रजी कटिंगची, आणि आज चालते ती हीच. मुळात टेप हे साधन साधारण दोनशे वर्षांपूर्वीचे. त्याआधी युरोपातला शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक पट्टी ठेवी आणि तिच्यावर खाचा पाडून मापे नोंदवी. इंच छापलेली टेप आल्यावर एका माणसाचे माप दुसऱ्याशी ताडून पाहता येऊ लागले, आणि त्यातून सूत्रे निघाली. १८३० च्या दशकात हेन्री वाम्पेन या जर्मन गणितज्ञाने लंडनमध्ये कटिंगला भूमितीची शिस्त लावली. त्याच्या ग्रंथाच्या नावातच पुरुषांच्या अंगाच्या वेगवेगळ्या घडणीचा उल्लेख आहे. पुढे धंद्याने त्यातले सोपे तेवढे उचलले : छाती मोजा आणि उरलेले छातीच्या भागांवरून काढा. शिवणयंत्र, सैन्याचे गणवेश आणि तयार कपड्यांचे कारखाने आले तसे हे सूत्र पक्के होत गेले, कारण कारखान्याला माणूस समोर नकोच असतो.

मराठी शिंप्यापर्यंत हे शास्त्र पोचवण्यात मुंबईच्या के. आर. झारापकरांचा वाटा फार मोठा आहे. ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’ हे त्यांचे पुस्तक कितीतरी शिवणक्लासांचा आधार ठरले. छातीच्या चौथ्या भागाने पुढा, बाराव्या भागाने गळा, अशी सूत्रे क्लासात शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. ज्याच्या घरात कुणी शिंपी नव्हते, ज्याला कुणा उस्तादाच्या दुकानात वर्षानुवर्षे काजे करत बसणे शक्य नव्हते, त्याच्याही हाती या सूत्रांनी धंदा दिला. हे ऋण मोठे आहे आणि हे पुस्तक ते मानते. माझी हरकत सूत्राला नाही. सूत्राने मधला माणूस मिळतो. त्याच्यापासून समोरचा माणूस किती आणि कुठे वेगळा आहे, हे पाहण्याचे शिक्षण क्लासात फारसे मिळाले नाही, आणि दुकानात ते देणारे हात कमी होत गेले.

मग १९७० च्या दशकात टेरिकॉट आणि सफारी घरोघर आले. त्या कापडाने शिंप्याचे आणखी एक साधन काढून घेतले, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. लोकरीच्या कापडावर ओले फडके टाकून इस्त्री केली की ते आकसते, ओढले की वळते. जुने मास्टर कोटाची छाती, पँटची पोटरी इस्त्रीने घडवत. पॉलिएस्टर मिसळलेले कापड असे ऐकत नाही. जास्त तापवले तर चकाकी येते, आकार येत नाही. जो आकार इस्त्रीतून निघत होता तो आता कातरीतून आणि टकांतून, म्हणजे शिवून घेतलेल्या निमुळत्या चिमटांतून, निघायला हवा होता. तो निघाला नाही. त्याच्या जागी ढगळपणा आला, आणि पुढे तयार कपड्यांची दुकाने तालुक्याच्या गावापर्यंत पोचली तेव्हा त्या ढगळपणाला ‘रेग्युलर फिट’ असे नाव मिळाले.

आकडा आणि अंग यांचा हा वाद बाहेरच्या जगातही चालू होता, आणि तिथली काही उत्तरे आपल्याला उपयोगी आहेत. लंडनमध्ये फ्रेडरिक शोल्टे या मूळच्या डच शिंप्याने, इंग्लंडचा युवराज एडवर्ड ज्याच्याकडे कपडे शिवून घेत असे त्याने, छातीवर आणि पाठीच्या फऱ्यांवर थोडे जास्त कापड सोडून मुंढा लहान ठेवण्याची रीत रूढ केली. त्या रीतीतून कोट कडक न होता अंगावर पडू लागला. नेपल्समध्ये १९३० च्या दशकात विन्चेन्झो आत्तोलिनी या कटरने कोटातले पॅड आणि अस्तर काढून टाकले. उन्हाच्या गावाला पेलवेल असा, सदऱ्यासारखा हलका कोट त्याने बेतला. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या कलबुर्गीला लंडनच्या सेव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीपेक्षा नेपल्स जवळचे आहे, असे मला नेहमी वाटते. जॉर्जो अरमानी यांनी १९७० च्या दशकापासून हाच सैलपणा तयार कपड्यांत आणला. अगदी अलीकडे, २०१५ साली, स्वीडनमधल्या बोरोस विद्यापीठात रिकार्ड लिंडक्विस्ट यांनी आपल्या प्रबंधात थेट मुळालाच हात घातला. सपाट कागदावर छाती-कंबर-सीटच्या आडव्या-उभ्या रेषा आखून बेतणे, हा पायाच त्यांनी बाजूला ठेवला. अंगावर कापड कुठे टेकते, भार कुठून कुठे जातो आणि हालचालीत ओढ कोणत्या रेषेने पडते, तिथून बेत सुरू करायचा. त्यांची चित्रे पहिल्यांदा पाहिली तेव्हा खांद्यावरून सलग गेलेला कापडाचा तुकडा दिसला आणि मला पैरण आठवली. ते इथपर्यंत वेगळ्या वाटेने आले, आपल्याकडे ती वाट आधीच मळलेली होती.

मात्र सगळ्यांत जवळचा गुरू आपल्या गल्लीतच बसलेला असतो, आणि पुरुषांचे कपडे शिवणारे त्याच्याकडे पाहत नाहीत. बीदर, हुमनाबाद, उदगीर, कुठेही जा, ब्लाउज शिवणाऱ्या बायका प्रत्येक आळीत आहेत. साडी विकत मिळते. ब्लाउज अंगावर माप घेऊनच शिवावा लागतो, कारण तो बसला नाही तर बाई तो घालत नाही. कटोरी ब्लाउजमध्ये सपाट कापडाला गोलाई द्यायची असते : किती टक घ्यायचा, तो कुठे संपवायचा, कटोरी उभ्या धाग्यावर ठेवायची की उरेब. मापे घेतानाही ती शिंपीण छातीच्या दोन टोकांतले अंतर मोजते, खांद्यापासून टोकापर्यंतची उंची मोजते. नुसत्या छातीच्या घेरावर ती कधीच विसंबत नाही. अंगाच्या आकाराचे इतके बारकाईचे ज्ञान पुरुषांच्या कटिंगमध्ये कुठेही नाही. याला कारण गिऱ्हाईक आहे. बाईने आग्रह धरला, पुरुषाने धरला नाही. पुरुषाने आपल्या अंगाविषयी बोलणेच कमीपणाचे मानले. या पुस्तकासाठी काम करताना मी ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकलो त्या ब्लाउज शिवणाऱ्या बायका आहेत.

ते ज्ञान पुरुषाच्या शर्टात कसे येते, याचे एक उदाहरण इथेच देतो. पोट पुढे आलेल्या माणसाचा शर्ट घ्या. छाती चाळीस, पोट त्रेचाळीस. नेहमीचा शिंपी काय करतो? जास्तीचे इंच चारही भागांत सारखे वाटून टाकतो. परिणाम असा, की पाठीत, जिथे त्या माणसाला काहीच वाढ नको, तिथे झोल पडतो. पोटावर मात्र बटणे ओढलेलीच राहतात. शिवाय पोटाच्या चढावरून जाताना पुढची लांबी खर्ची पडते, त्यामुळे शर्टाची खालची मुरड पुढून वर उचलली जाते आणि बाजूच्या शिवणी पुढे ओढल्या जातात. आरशात बाजूने पाहिले की हे लगेच दिसते. उपाय साधा आहे : सगळी वाढ पुढ्यातच द्यायची, पाठ छातीच्या मापाचीच ठेवायची, पुढ्याची लांबी पोटाच्या उंचवट्याएवढी, साधारण पाऊण ते दीड इंच, खालून वाढवायची, आणि ती वाढ गळ्यापर्यंत चढू नये म्हणून बाजूच्या शिवणीत, पोटाच्या सरळ रेषेत, एक बारीक टक घ्यायचा. खिशाखाली तो कुणाला दिसतही नाही. ब्लाउज शिवणारीला हे सांगायची गरज नाही. तिला यात नवे काहीच वाटणार नाही. पँटचेही तसेच. अशा माणसाचा पट्टा पुढून खाली घसरतो आणि मागून वर चढतो. त्याला कंबर मोठी नको असते, पुढचे आसन, म्हणजे कमरेपासून मांड्यांच्या जोडापर्यंतचा भाग, वेगळे हवे असते.

आणि अंग घडते ते कामाने. कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डाळमिलमध्ये पोती वाहणाऱ्या हमालाचा एक खांदा उतरतो, मानेमागचा स्नायू जाड होतो, आणि तयार शर्टाची कॉलर त्याच्या मानेवर कधीच बसत नाही. शहाबादच्या फरशीच्या खाणीत काम केलेल्या माणसाचा एक दंड दुसऱ्याहून भरलेला असतो. शाळामास्तर आणि कारकून यांची मान पुढे आलेली; त्यांच्या शर्टाची पाठ वर चढते आणि पुढून मुरड लोंबते. दिवसभर मोटारसायकलवर फिरणाऱ्या विक्रेत्याचे हात नेहमी पुढे, त्यामुळे फऱ्यांवर ओढ; त्याला पाठीत चुण्या हव्यात, घेर नको. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची पँट तर उभ्या माणसाच्या बेताने शिवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे : बसल्यावर मागचे आसन लांब लागते, पुढचे आखूड, आणि मागचे खिसे टोचतात म्हणून ते नकोतच. या सगळ्यांना एकच नंबर देऊन आपण समाधान मानतो.

या प्रश्नाला आज निकड आली आहे. सरकारने २०२३ साली पीएम मित्र योजनेत ज्या सात वस्त्रोद्योग उद्यानांची घोषणा केली त्यांत कलबुर्गीचे एक आहे. ज्या शहरात महबूब शाही कापड गिरणी, आपली ‘एमएसके मिल’, एकेकाळी हजारो घरे चालवत होती आणि बंद पडल्यावर वस्तीच्या नावात उरली, तिथे पुन्हा कपड्याचा धंदा येणार आहे. तो कुणाच्या मापाने येणार? भारतीय अंगांची मापे मिळावीत म्हणून ‘निफ्ट’ या फॅशन शिक्षणसंस्थेने ‘इंडियासाइझ’ ही पाहणी हाती घेतली. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांचे अंग स्कॅन करण्याची ती योजना. हे काम फार मोलाचे आहे. पण ती सहा शहरे म्हणजे दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. आळंदचा हमाल आणि औरादचा शेतकरी त्यात येण्याची शक्यता कमी. आणि स्कॅनने आकार कितीही अचूक टिपला तरी तो शेवटी कारखान्यात नंबर होऊनच उतरतो. दुसरीकडे, तालुक्याच्या गावांतले कटिंग मास्टर म्हातारे होत आहेत आणि त्यांची मुले या धंद्यात येत नाहीत. त्यांची ठेवण ओळखण्याची नजर वह्यांमध्ये आहे, तीही अर्धीच. अशा वह्या मी पाहिल्या आहेत : उंची, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, गळा असे सात आकडे एका ओळीत, आणि शेवटी एखादी खूण, डावीकडे झुकलेली रेघ म्हणजे डावा खांदा उतरता, लहानसे वर्तुळ म्हणजे पोट. ती खूण काढणारा मास्टर गेला की वही नुसती आकड्यांची राहते.

ही नजर लिहून ठेवणे, शिकता येईल अशी करणे आणि तिला आजच्या कपड्यांपर्यंत आणणे, एवढा या पुस्तकाचा प्रयत्न आहे. त्यासाठी क्रम उलटा केला आहे. टेप आधी न घेता आधी माणूस पाहायचा : समोरून, बाजूने, पाठीमागून. ‘सरळ उभे राहा’ असे त्याला म्हणायचे नाही, कारण तसे म्हटले की तो छाती काढतो, पोट आत घेतो, आणि आपण जे अंग मोजतो ते घरी जाईपर्यंत नाहीसे झालेले असते. गवंड्याचा ओळंबा कानाच्या पाळीपासून सोडायचा आणि खांदा, कंबर, घोटा त्याच्या पुढे आहेत की मागे ते पाहायचे. कमरेला सुतळी बांधून ती पुढे झुकते की मागे, हे बघायचे. मग मानेच्या हाडापासून पाठीवरून कमरेपर्यंत आणि त्याच हाडापासून खांद्यावरून पुढून कमरेपर्यंत अशी दोन लांबीची मापे घ्यायची. घेराची मापे त्यानंतर. छातीचे सूत्र आम्ही टाकून दिलेले नाही. त्यावरून पहिला बेत काढायचा आणि या दोन लांबींनी तो दुरुस्त करायचा, अशी मधली वाट निवडली आहे, कारण रोज दहा शर्ट शिवणाऱ्या दुकानाला यापेक्षा जास्त वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे.

हे पुस्तक नव्या शिंप्यासाठी आहे, आयटीआयमधल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि पुरुषांच्या कपड्यांकडे वळू पाहणाऱ्या ब्लाउज शिवणाऱ्या बायकांसाठी तर खास आहे. त्यांची निम्मी तयारी आधीच झालेली असते. शिवणकाम न येणाऱ्या वाचकालाही यातली अंग पाहण्याची प्रकरणे वाचता येतील, आणि ती वाचून त्याने आपल्या शिंप्याला नेमके काय बिघडले आहे ते सांगावे, अशी इच्छा आहे. ‘फिटिंग बरोबर नाही’ एवढ्यावर शिंप्याला काही करता येत नाही. ‘कॉलर मागून सुटते’ म्हटले तर येते.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. तीन तुकड्यांच्या सुटाला वेगळे पुस्तक हवे. लहान मुलांचे अंग दर वर्षी बदलते, त्याचे नियम निराळे. फॅशनवर आम्ही काही म्हटलेले नाही. तंग पँट आवडो की ढगळ, दोन्ही अंगाला धरून बेतता येतात. शब्द कामावरचेच ठेवले आहेत : मुंढा, आसन, बगल, कळी, टक, उरेब, माया, आणि जिथे दुकानात इंग्रजीच चालते तिथे शोल्डर, सीट, ट्रायल.

मापे इंचांत आहेत. प्रत्येक बेत आधी मांजरपाटावर कच्च्या टाक्यांनी उभा करून, ज्याच्यासाठी आहे त्याच्या अंगावर पाहावा, त्याला हात वर करायला, खाली बसायला, वाकायला सांगावे, आणि मगच चांगल्या कापडाला कातर लावावी. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच आणि पुढ्याच्या बाजूला एक इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडायला सांगितले आहे. तयार कपड्यात एवढी माया नसते, म्हणून तो वर्षभरात आखूड किंवा तंग झाला की टाकावा लागतो, आणि आपल्याकडे शिवलेला उसवून पुन्हा बेतता येतो. चाळिशीनंतरच्या गिऱ्हाइकाचे माप दर वर्षी नव्याने घ्यावे आणि वहीत जुन्या मापाच्या खालीच लिहावे. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरी पाने जोडली आहेत, सात आकड्यांच्या पुढे ठेवणीच्या खुणांसाठी वेगळा रकाना ठेवून.